पावतीबाईंची जाहिरात

माझं चष्म्याचं दुकान खाली, आणि बरोबर डोक्यावर पावतीबाईंचं ऑफिस. मधे एक अरुंद लाकडी जिना. सत्तावीस वर्षं त्यांची गिऱ्हाइकं माझ्या दारावरून वर गेली. नुसत्या पायांच्या आवाजावरून मला कळायचं, कर खात्याची नोटीस आलेला माणूस कोण आणि साधा फॉर्म भरायला आलेला कोण. नोटीसवाले मधल्या पायरीवर एकदा थांबतात.

बाईंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कोणी घेत नसे. समोरचा काहीही बोलला तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पावती आहे का?" औषधं घेतली? पावती आहे का? छप्पर दुरुस्त केलं? पावती आहे का? मुलाने लग्न ठरवल्याचं घरी सांगितलं तेव्हाही त्या तेच म्हणाल्या, अशी आमच्या गल्लीत वदंता आहे. मुलगा म्हणतो, साफ खोटं. सून म्हणते, अगदी खरं.

ऑफिस म्हणजे एकच खोली. खिडकीशी टेबल, तीन लोखंडी कपाटं, कागदांना भोकं पाडायचं यंत्र आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. त्यातली एक डगडगायची. दुरुस्त करून घ्या म्हटलं तर बाई म्हणायच्या, "असू दे. नवरा-बायको आले की मी नवऱ्याला तिथे बसवते. जरा डगडगला की खरं उत्पन्न सांगतो." बाईंच्या उजव्या अंगठ्यावर कागद उलटायची रबरी टोपी. ती घालून त्या जेवायलाही बसत.

जाहिरात हा शब्द त्यांच्या गावी नव्हता. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने मेहुण्याला, एवढंच. पण त्या जुन्या पिढीतली माणसं हळूहळू जायला लागली. कोणी वारलं, कोणी मुलांकडे दुसऱ्या शहरात राहायला गेलं, आणि मुलं मोबाइलवरच्या ॲपमध्ये चार बटणं दाबून स्वतःच फॉर्म भरायला लागली. तीनशेच्या वर गिऱ्हाइकं होती, ती शंभरावर आली. एका वर्षी ऐन हंगामात, शेवटची तारीख तीन आठवड्यांवर असताना, जिना सकाळपासून दुपारपर्यंत वाजला नाही. वर फक्त भोकं पाडायच्या यंत्राचा आवाज येत होता. बाई कोऱ्या कागदांना भोकं पाडत बसल्या होत्या.

त्याच दुपारी त्यांची सून डबा घेऊन आली. ही पोरगी गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीत जाहिरातीचं काम करायची. कंपनीने ते अख्खं खातंच बंद केलं आणि ती चार महिन्यांपासून घरी होती. नवरा कामासाठी आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी. घरात सासू आणि सून दोघीच. एकीची नोकरी गेलेली, दुसरीचं काम आटत चाललेलं, आणि एकमेकींना लागू नये म्हणून दोघी दिवसभर फक्त चहा, साखर आणि कपडे वाळले का एवढंच बोलायच्या. हे मला नंतर सुनेनेच सांगितलं.

तिने रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि विचारलं, "आई, आज सुट्टी ठेवली होती का?"

"सुट्टी कसली? हंगाम आहे."

"मग माणसं?"

बाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "माणसं ॲपमध्ये गेली," त्या म्हणाल्या.

सून डगडगत्या खुर्चीत बसली. "तुम्हाला शोधायचं म्हटलं तर कुठे शोधायचं हो लोकांनी? इंटरनेटवर तुम्ही नाहीच आहात. खालचे चष्मेवाले काका आहेत. त्यांच्या दुकानाला चार तारे आहेत."

ते चार तारे म्हणजे माझ्या भाच्यांचा प्रताप, पण ते असो.

बाई नको नको म्हणत होत्या, पण सुनेच्या आवाजात चार महिन्यांनी जरा जीव आलेला त्यांनी ऐकला. म्हणाल्या, "बरं, कर काय करायचं ते."

पहिला प्रयोग पार फसला. सुनेच्या ओळखीची एक जाहिरात कंपनी होती. त्यांनी दोन दिवसांत जाहिरात तयार केली. काळ्या कोटातली एक परकी, तरुण बाई दात दाखवून हसतेय, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'मोठ्यात मोठा परतावा, हमखास!' तीन दिवसांत एक्केचाळीस फोन आले. सून हरखून गेली. पण फोन कसले, तर एकाला न दिलेल्या भाड्याची पावती हवी होती. एकाला आपली कुत्री धंद्याच्या खर्चात दाखवायची होती. एक बाई तर सरळ म्हणाली, "पावतीबाईच ना तुम्ही? मग द्या की पावत्या. बाकीचे देतात, तुम्हाला काय झालं?"

तो फोन ठेवून बाई खाली माझ्याकडे आल्या आणि पाणी मागितलं. ग्लास अर्धा प्यायल्या.

"सत्तावीस वर्षं मी लोकांकडे पावत्या मागितल्या, चष्मेवाले," त्या म्हणाल्या. "आता लोक माझ्याकडे मागतायत. आणि ते 'हमखास' कोणी लिहिलं? ज्याचा परतावा निघतच नाही, त्याला मी कुठून देऊ?"

जाहिरात त्याच संध्याकाळी उतरवली. सुनेला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण बाई जेवताना एवढंच म्हणाल्या, "माणूस परका घेतलास, तिथे चुकलं. तुला मी माहीत आहे, त्यांना मी माहीत नाही."

मग सुनेने स्वतःच हातात घेतलं. आधी साध्या गोष्टी केल्या. नकाशावर ऑफिस दाखवलं, जिन्याचा फोटो टाकला, वेळा लिहिल्या. जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावून दोन ओळी लिहायला सांगितल्या. एका निवृत्त नर्सने लिहिलं, 'ओरडतात, पण चूक होऊ देत नाहीत.' बाईंना ते लागलं. सुनेने ते सगळ्यात वर ठेवलं.

व्हिडिओ करायची वेळ आली तेव्हा मात्र हात टेकायची पाळी आली. कॅमेरा समोर आला की बाईंचा चेहरा ओळखपत्रावरच्या फोटोसारखा व्हायचा. "नमस्कार, मी, मी," आणि पुढे शब्दच फुटत नसे. अकरा वेळा प्रयत्न झाला. बाराव्या वेळी मधेच फोन वाजला. पलीकडे एक घाबरलेला रंगारी होता, त्याला कसलंसं पत्र आलं होतं. बाई लगेच सुरू झाल्या, "आधी बसा. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आहे ती वाचा. वाचली? मग घाबरायचं कारण संपलं, आपल्याकडे तीस दिवस आहेत." दहा मिनिटांत रंगारी हसायला लागला.

सून बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने कॅमेरा टेबलावर वरून खाली लावला. चेहरा नाहीच, फक्त फॉर्म आणि बाईंचे हात, रबरी टोपीसकट. "समोर मी नाही असं समजा," ती म्हणाली, "फोनवर त्या रंगाऱ्याशी बोलताय." आणि बाई बोलल्या. तिसऱ्या पानावर लोक काय चुकतात, पत्ता बदलला तर काय करायचं, दोन नोकऱ्या असतील तर कोणता रकाना भरायचा. अशा सात-आठ व्हिडिओंतून आठवड्याला एक-दोन नवी माणसं जिना चढायला लागली.

मग तो व्हिडिओ झाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक टेलरमास्तर आहेत. बाईंचे अगदी पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. व्हिडिओत बाईंनी नाव घेतलं नाही, धंदाही सांगितला नाही. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एक कारागीर येतात. वर्षभराच्या पावत्या बटणांच्या डब्यात भरून आणतात. एकदा त्यात मला इस्पितळाच्या पावत्या दिसल्या, दर महिन्याची एक. विचारलं, ह्या कोणाच्या? मग कळलं, थोरला भाऊ सोळा वर्षं मनाच्या आजाराने इस्पितळात आहे, आणि हा माणूस एकटा त्याचं सगळं करतो. करातली सवलत कधी मागितली नाही, कारण लिहिलं तर लोकांना कळेल. मी त्यांना सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. तुमचा फॉर्म लोकांना दिसत नाही. तो मला दिसतो आणि कर खात्याला दिसतो. घाबरू नका, लिहा."

लोकांना तो व्हिडिओ भिडला. पाच दिवसांत चाळीस हजार माणसांनी पाहिला. खाली शेकडो लोकांनी आपापल्या भावांबद्दल, आयांबद्दल लिहिलं. आठवड्याभरात तेवीस नवी गिऱ्हाइकं आली. सून एकेक आकडा मला जिन्यातूनच ओरडून सांगायची.

मीही तो पाहिला होता. बटणांचा डबा ऐकताच मला कळलं, हे कोण. मास्तरांचा भाऊ परदेशी स्थायिक झालाय, असं आम्ही सगळे वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. मी बाईंना काही बोललो नाही. वाटलं, चांगलंच तर सांगतायत, त्यात बिघडलं काय. ते माझ्या मनाला अजून लागून आहे.

सहाव्या दिवशी मास्तर आले. जिना चढले ते न थांबता. बाई उभ्या राहिल्या, "या मास्तर, बसा."

"बसत नाही. माझी फाइल द्या."

"काय झालं?"

"एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घेत होतो," मास्तर म्हणाले. "हात वर करून उभा होता. म्हणाला, भाऊ कसा आहे हो तुमचा आता? इतकी वर्षं कळू दिलं नाहीत. मी माप विसरलो, बाई. तीनदा घेतलं."

"मी नाव घेतलं नव्हतं..."

"बटणांचा डबा गावात किती जणांकडे आहे?"

सून कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती, तिने तो मिटला.

"तुम्ही खोटं काही बोलला नाहीत," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच बाईंना जास्त झोंबलं. "चांगलंच बोललात माझ्याबद्दल. पण ते माझं होतं. फॉर्म लोकांना दिसत नाही म्हणालात आणि चाळीस हजारांना दाखवलात."

बाईंनी कपाट उघडलं. फाइल लगेच हाताला लागली. ती देताना त्या म्हणाल्या, "माझं चुकलं, मास्तर." मास्तरांनी फाइल काखेत घेतली आणि गेले.

"तो व्हिडिओ काढून टाक," बाई म्हणाल्या.

सून म्हणाली, "आई, सगळी माणसं त्यावरूनच येतायत. आपण डब्याचं वाक्य तेवढं कापूया."

"काढ."

"इतक्या महिन्यांत माझं हे एकच काम चाललंय हो." असं म्हणता म्हणता ती रडायला लागली. नोकरी गेली त्या दिवशीही ती घरी कोणासमोर रडली नव्हती. बाईंना अशा वेळी काय करायचं ते कधीच कळत नाही. त्यांनी अंगठ्यावरची टोपी काढली, खुर्ची ओढून सुनेच्या शेजारी बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं काम चांगलंच झालं," त्या म्हणाल्या. "माल माझ्याकडचा चोरीचा होता." दोघींनी मिळून तो व्हिडिओ काढून टाकला. बटण सुनेने दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई मास्तरांच्या दुकानात गेल्या. मास्तर तोंडात टाचण्या धरून पुतळ्यावरचा कोट बेतत होते. बाईंनी व्हिडिओ काढून टाकल्याचं सांगितलं. मास्तरांनी टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या आणि म्हणाले, "बरं केलंत." बाई आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मास्तरांनी कात्री उचलली. तेव्हा त्या निघाल्या.

आठवडाभर वर एकही व्हिडिओ झाला नाही. मग सुनेने विषय काढला. बाई म्हणाल्या, "कानाला खडा. यापुढे कोणाची गोष्ट सांगायची नाही."

"नुसते नियम कोण ऐकणार, आई? लोक गोष्ट ऐकतात."

"मग माझी सांगू?"

"तुमची काय गोष्ट?"

बाईंनी टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडला. त्यात रबर लावलेला पाकिटांचा गठ्ठा होता. सगळी पाकिटं त्यांच्या नवऱ्याच्या नावावर, कर खात्याकडून आलेली. नवरा पाण्याचे मीटर तपासायचा. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी कामावर असतानाच गेला. सून तेव्हा घरात आलेलीही नव्हती. त्या वर्षी बाईंनी तीनशे माणसांचे फॉर्म भरले. नवऱ्याचा भरला नाही. गेलेल्या माणसाचाही शेवटचा फॉर्म वारसाने भरायचा असतो, हे त्यांनी दुसऱ्यांना पन्नासदा समजावलं असेल. पण त्या फॉर्मवर एक रकाना असतो, करदाता हयात आहे की नाही. त्यापाशी पेन अडायचं. पत्रं येत राहिली आणि बाई ती न फोडता खणात टाकत राहिल्या, चौदा महिने.

"मग?" सुनेने विचारलं. ती हळू बोलत होती.

"मग काय, दंड लागला. साहेब विचारत होता, तुम्ही स्वतः हेच काम करता ना? मी म्हटलं, हो." बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "लाव तुझा कॅमेरा."

तो व्हिडिओ एका दमात झाला. त्यात बाईंचे हात आधी पाकिटं एकामागून एक बाजूला ठेवतात, मग कोरा फॉर्म ओढतात, आणि त्या रकान्यावर बोट ठेवून थांबतात. जवळजवळ अर्धा मिनिट काहीच होत नाही. सुनेने ते कापलं नाही. मग बाई म्हणतात, "इथे खूण करायला मला चौदा महिने लागले. तुम्हाला वेळ लागत असेल तर लागू दे, पण पाकिटं फोडा. किंवा माझ्याकडे आणा, मी फोडते."

तो चाळीस हजारांपर्यंत कधीच गेला नाही. जेमतेम सहा हजार. पण ज्यांनी पाहिला ते आले. बायका आल्या, पुरुष आले, एक पोरगी आईबापांची दोन पाकिटं घेऊन आली. बरेच जण माझ्या दुकानाच्या दारात थांबून विचारायचे, "ते पाकिटं फोडणारं ऑफिस हेच का?"

त्यांतला एक बसड्रायव्हर मला चांगला आठवतो. गणवेशातच होता, हातात कागदांची अख्खी पिशवी. घरातलं सगळं लिहिणं-वाचणं बायको बघायची. ती जाऊन आठ महिने झाले होते. दोन तास वर होता. बाईंनी एकेक पाकीट फोडलं, वाचून दाखवलं, गठ्ठे केले. शेवटी सही करायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "इथे तिचं नाव लिहायचं की माझं?"

"सही तुमची. त्याखाली लिहायचं, तिच्या वतीने."

"घरी नेहमी उलटं असायचं," ड्रायव्हर म्हणाला. "सही तीच करायची, माझ्या वतीने." आणि तो हसला, आणि बाईही हसल्या. जाताना त्याने त्या फॉर्मची एक जादा प्रत मागून घेतली. कशाला, ते बाईंनी विचारलं नाही.

टेलरमास्तर परत आले नाहीत. फॉर्म दुसरीकडे भरतात. बाई रस्त्यात दिसल्या तर मान हलवतात, थांबत नाहीत. पण मागच्या महिन्यात मी पँट आखूड करायला टाकली तेव्हा म्हणाले, "रविवारी येऊ नका, बंद असतं. भावाला भेटायला जातो." इतक्या वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. मी बरं म्हटलं आणि पँटचं माप दिलं. मनात आलं, वर जाऊन बाईंना सांगावं. मग म्हटलं, नको. ते मास्तरांचं आहे.

सुनेला या वर्षी एका बियाणं कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत तिने बाईंच्या हातांचे व्हिडिओ दाखवले. नोकरी घ्यावी की नाही म्हणून घुटमळत होती, आईंच्या ऑफिसचं कसं होणार. बाईंनी नेमणुकीचं पत्र हातात घेऊन दोनदा वाचलं, रजेच्या अटीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाल्या, "ही एवढी बदलून घे, बाकी ठीक आहे. सोमवारपासून जा."

हल्ली कॅमेरा बाई स्वतःच लावतात. अर्धा फॉर्म चौकटीबाहेर जातो, मधे कधी चहाचा कप दिसतो. संध्याकाळी सून कामावरून परतताना आधी वर चढते. मग बराच वेळ दोघींची बोलणी खालपर्यंत ऐकू येतात. भांडतायत की हसतायत, ते मला जिन्याखालून अजून नीट ओळखता येत नाही.